तारीख, टेप आणि बाळाची हालचाल

नमस्कार श्रोतेहो.

ठाणे-कळव्यापासून ऐरोली, घणसोली, तुर्भे आणि पार बेलापूरपर्यंत ज्यांच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, त्या घरातल्या सगळ्यांनीच आज ऐकावं अशी माझी विनंती आहे. सासूबाईंनी ऐकावं, नवऱ्याने ऐकावं, माहेरी वाट बघणाऱ्या आईनेही ऐकावं. मी नवी मुंबईत गरोदर मातांच्या तपासणीचं काम करणारी परिचारिका आहे. पोटातलं बाळ नीट वाढतंय की नाही हे कसं ओळखतात आणि त्यासाठी तुमच्याकडून आम्हाला काय लागतं, ते सांगायला आले आहे.

सगळ्यात आधी लागते ती तारीख, शेवटची पाळी आली त्याचा पहिला दिवस. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला आली असेल, तर बाळंतपणाची अंदाजी तारीख १७ मार्च. असे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. पण गर्भ राहतो तो साधारण दुसरा आठवडा संपताना. म्हणजे या हिशेबातले पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतंच. हे मी मुद्दाम सांगते आहे. लग्नाला पाच आठवडे झालेत आणि सोनोग्राफीच्या कागदावर सात आठवडे लिहिलंय, एवढ्यावरून नव्या सुनेकडे संशयाने बघणारी घरं मी पाहिली आहेत. कागद बरोबर असतो आणि मुलगीही खरी असते. आठवडे मोजायची पद्धतच तशी आहे. कुणाच्या घरात हा विषय निघालाच, तर कृपा करून आधी नर्सला किंवा डॉक्टरांना विचारा.

आता अडचण अशी की पुष्कळ जणींना तारीख आठवत नाही. "पाडव्याच्या आसपास", "हळदीकुंकवाच्या आधी" असं उत्तर येतं. तेही चालतं, सणावरून आम्ही कॅलेंडरमध्ये दिवस शोधतो. पण कुणाची पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते, कुणी अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस राहतात, तर कुणी गणपतीत किंवा घरच्या पूजेला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतलेली असते. अशा वेळी नऊ महिने सात दिवसांचा हिशेब चुकतो. फोनवरचं ॲपही तुम्ही घातलेल्या तारखेवरच चालतं. ते "बाळ आता लिंबाएवढं झालं" म्हणतं तेव्हा त्याने तुमच्या बाळाला पाहिलेलं नसतं. तेव्हा गोळी घेतली असेल तर ती न लाजता सांगा.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी फार मोलाची. त्या काळात सगळी बाळं जवळजवळ एकाच गतीने वाढतात, मग आई उंच असो की ठेंगणी. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली की वय कळतं, आणि त्यात चूक झाली तरी पाच-सात दिवसांचीच. बारा आठवड्यांचं बाळ साधारण साडेपाच सेंटिमीटरचं असतं. पुढे प्रत्येक बाळ आपल्या अंगकाठीप्रमाणे वाढायला लागतं. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच सोनोग्राफी केली, तर वय ठरवताना तीन आठवड्यांचीही चूक होऊ शकते. मग बाळ लहान दिसतंय ते वाढ खुंटली म्हणून, की मुळात दिवसच कमी भरलेत म्हणून, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. दिवस कमी भरलेल्या बाळाला पोटात थांबू द्यायचं असतं, तर वाढ खुंटलेल्याला कधीकधी वेळेआधी बाहेर काढावं लागतं.

परवा कोपरखैरण्याची एक मुलगी तीन सोनोग्राफीचे कागद घेऊन आली. तिन्हींवर वेगवेगळी तारीख. शेवटच्या कागदावर तारीख बारा दिवसांनी पुढे गेलेली, आणि ती निर्धास्त झालेली, की चला, अजून वेळ आहे. तसं नसतं. सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून तारीख एकदा पक्की झाली की ती बदलायची नाही. पुढचं मशीन त्या दिवशीच्या मापावरून नवी तारीख छापतं. ती पुढे सरकली, तर त्याचा अर्थ बाळ अपेक्षेपेक्षा लहान आहे असाही असू शकतो. तिच्या बाबतीत तेच होतं. बाळाच्या पोटाचा घेर मागे पडला होता. बाळाला आईकडून पोषण पोचवणारी वार कमी पडायला लागली, रक्त पुरेसं मिळेना, की बाळ आपल्या मेंदूला आधी पुरवतं आणि यकृतातला साठा खर्च करतं. म्हणून डोकं वाढत राहतं आणि पोट बारीक राहतं. मग डॉपलरने, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, नाळेतला रक्तप्रवाह बघावा लागतो. कागदावर छापलेलं वजनही अंदाजच असतो, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे. त्या एका आकड्यासाठी रात्र जागू नका. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापं शेजारीशेजारी ठेवली की खरं काय ते कळतं.

सोनोग्राफी तर काही दर महिन्याला होत नाही. दर खेपेला होतं ते साध्या टेपचं माप, आणि त्याला कुणी कमी लेखू नये. आम्ही लघवीला जाऊन यायला सांगतो, कारण भरलेल्या मूत्राशयाने गर्भाची पिशवी वर उचलली जाते. मग टेबलावर पाठीवर झोपवून, हाताच्या कडेने पिशवीचं वरचं टोक चाचपून, तिथून खाली ओटीच्या हाडापर्यंत टेप लावतो. टेपची आकड्यांची बाजू पोटाकडे ठेवायची आणि माप धरल्यावरच उलटून वाचायची, नाहीतर डोळे मनातल्या आकड्याकडे ओढले जातात. चोविसाव्या आठवड्यापासून जेवढे आठवडे जवळजवळ तेवढे सेंटिमीटर भरतात. तिसाव्या आठवड्याला तीस, फार तर दोन-तीन कमी किंवा जास्त. मागच्या खेपेला अठ्ठावीस होतं आणि तीन आठवड्यांनीही अठ्ठावीसच भरलं, तर आम्ही लगेच सोनोग्राफीला पाठवतो. हे कळायला मागचा आकडा कागदावर हवा. "मागच्या महिन्यात बरं वाटत होतं म्हणून आले नाही" असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं ते एवढ्यासाठी.

त्या वेळी रक्तदाब बघतात, तो १४०/९० च्या आत हवा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर रक्त कमी आहे असं धरतात. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, हे सुरुवातीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या मातांनी तो दिवस चुकवू नये.

एक मात्र ठणकावून सांगते. बाळाच्या ठोक्यांवरून, आईच्या पोटाच्या आकारावरून, डोहाळ्यांवरून मुलगा की मुलगी हे कळत नाही. आणि सोनोग्राफीवाल्याला ते विचारणं हा गुन्हा आहे. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा आपल्या महाराष्ट्रात १९८८ साली आला, देशाचा १९९४ साली. सासरच्यांनी विचारायला लावलं तर तिने नाही म्हणावं, आणि नवऱ्याने तिच्या बाजूने उभं राहावं.

आता शेवटच्या तीन महिन्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं, बाळाची हालचाल. इथे यंत्र लागत नाही. पहिलटकरणीला हालचाल अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान कळायला लागते. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तिच्यावर रोज लक्ष ठेवायचं. दिवसभर तुम्ही ठाणे-वाशी लोकलमध्ये दांडा धरून उभ्या, नंतर एमआयडीसीत कामाला, घरी आल्यावर ओट्याशी. त्या गडबडीत बाळ फिरलं तरी कळत नाही. म्हणून रात्री जेवून डाव्या कुशीवर पडा, फोन बाजूला ठेवा, हात पोटावर ठेवा आणि मोजा. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवायला हवी. बहुतेकींना त्याच्या कितीतरी आधी जाणवते. बाळ झोपतंही, वीस-चाळीस मिनिटं शांत राहतं, तेवढ्याने घाबरू नका. पण "नववा लागला, आता आत जागा नाही, म्हणून कमी फिरतं" हे कुणी मोठ्या माणसाने सांगितलं तरी ऐकू नका. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा बदलते, ढुशीऐवजी सरकल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. कमी वाटली तर त्याच रात्री दवाखान्यात या. ठोके ऐकून सगळं ठीक निघालं आणि परत पाठवलं, तर आम्ही मुळीच रागावत नाही. उद्या पुन्हा तसं वाटलं तर उद्या पुन्हा या.

आणि माहेरी जाताना. डोहाळजेवण झालं, ओटी भरली, सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी साताऱ्याला, जळगावला, नाहीतर इथे जवळ मुरबाड-शहापूरला जाते. पिशवीत साड्या असतात, डिंकाचं सामान असतं, आणि फाइल इथे कपाटात राहते. तिथल्या डॉक्टरांपुढे मग कोरी पाटी. माता आणि बाल संरक्षण कार्ड, पहिल्या सोनोग्राफीचा कागद आणि रक्तगटाचा रिपोर्ट, हे तीन तरी बरोबर न्याच. प्रत्येक पानाचा फोटो तिच्या आणि नवऱ्याच्या अशा दोघांच्या फोनमध्ये ठेवा. तिथे पोचल्यावर कळा सुरू व्हायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात नाव घाला आणि हे कागद दाखवा.

अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, झटका आला, किंवा बाळ फिरेनासं झालं, तर १०८ ला फोन करा, आणि निघताना ती फाइल हातात घ्या. नमस्कार.