जिथे नळजोड पोचत नाही

(दृश्य: कसबा पेठ. आषाढातला शेवटचा रविवार. मटणाच्या दुकानापुढची रांग.)

"मामा, दोन नळ्या टाका. आणि ते छातीचं मऊ हाड असू द्या, पोरं आवडीनं चावतात."

सत्तूर पडतो. सगळीकडे लाल. बरगडीच्या टोकाचा हा तुकडा मात्र पांढराशुभ्र, किंचित निळसर. कापा, रक्त येत नाही. ही कूर्चा. हिच्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण भोवतीच्या द्रवातून झिरपतं. गुडघ्याची गादी झिजली की सहसा भरून येत नाही, त्यामागचं एक कारण हेच.

बॉस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं, की कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून वाढते. नळजोड तोडा, गाठ खुंटेल. मग तोडणारं द्रव्य शोधायचं कुठे? जिथे नळ कधी गेलाच नाही, तिथे.

(दृश्य: सशाचा डोळा, अगदी जवळून.)

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात एरवी एकही रक्तवाहिनी नसते, म्हणून नवी आली की लगेच दिसते. १९७५ मध्ये हेन्री ब्रेम आणि फोकमन यांनी तिथे गाठीचा तुकडा ठेवला, सोबत कूर्चेचा. वाहिन्या गाठीकडे निघाल्या, पण रेंगाळल्या. उकळलेली कूर्चा ठेवली, तर बिनदिक्कत पोचल्या!

रॉबर्ट लँगर हे शिक्षणानं रासायनिक अभियंते. त्यांनी कत्तलखान्यातून हाडं आणली, कूर्चा खरवडली, १९७६ मध्ये तिचा वाहिन्या रोखणारा अर्क मांडला. त्यातलं एक प्रथिन नीट ओळखायला १९९० उजाडलं. ते मार्शा मोझेस आणि सहकाऱ्यांनी ओळखलं. नव्या वाहिनीला वाट काढताना पेशींभोवतीची कोलॅजन या चिवट प्रथिनाची जाळी कुरतडावी लागते. कुरतडणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) तोंडच हे प्रथिन बंद करतं.

मधल्या काळात शार्क आला, म्हणजे आपली मुशी. तिचा अख्खा सांगाडा कूर्चेचा. शार्कला कर्करोग होत नाही म्हणत भुकटीच्या डब्या खपल्या. होतो, शार्कलाही होतो. २०१० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: शार्कच्या कूर्चेच्या अर्कानं आयुष्य वाढलं नाही. तोंडावाटे घेतलेल्या प्रथिनाचं पोटात बहुधा तेच होतं, जे मटणाचं होतं.

(दृश्य: वाड्यातलं स्वयंपाकघर. कुकरची चौथी शिट्टी.)

आजोबा वाटी पुढे करतात. "रस्सा वाढ गं. गुडघ्याला बरा असतो."