काउन्सिलची घरपोच मदत: आधी गरज, मग पैसा

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमधल्या आपल्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमचं स्वतःचं घर आहे, आम्हाला काउन्सिल काय देणार?" म्हणून रोजच्या कामांत मदत लागली तरी काउन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, फोनच होत नाही. पण मदत राहत्या घरी घेणार असाल, तर त्या घराची किंमत हिशेबात धरत नाहीत. घर धरतील ही भीती केअर होमच्या, म्हणजे वृद्धांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थांच्या, नियमांतून आलेली आहे.

पैशांचा प्रश्न नंतरचा. 2014 च्या केअर अ‍ॅक्टनुसार आधी गरज तपासतात. ही तपासणी फुकट असते आणि बचत जास्त आहे म्हणून ती नाकारता येत नाही. खाणं-पिणं, अंघोळ, शौच, कपडे, घरात सुरक्षित वावरणं अशा दहा बाबी बघतात. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्यांतल्या दोन जमत नसतील आणि जगण्यावर त्याचा मोठा परिणाम होत असेल, तर माणूस पात्र ठरतो. आता, 'जमत नाही' म्हणजे अजिबात जमत नाही असं नव्हे. करताना वेदना होतात, पडायची भीती असते, नेहमीपेक्षा खूपच वेळ लागतो, तरीही ते 'जमत नाही'च.

घोडं अडतं ते इथे. सोशल वर्कर समोर बसली की आजी ठामपणे सांगतात, "माझं मी सगळं करते." अंघोळीला सून हात धरते, हे कोणी बोलतच नाही. वास्तविक पात्रता ठरवताना सुनेची मदत वगळूनच विचार करायचा असतो. म्हणून आठवडाभर वहीत लिहा: रात्री किती वेळा उठवावं लागलं, कुठे तोल गेला, गोळ्या कोणी दिल्या. वाईट दिवससुद्धा लिहा.

मग पैसे. बचत 23,250 पौंडांच्या वर असेल तर खर्च तुमचा. 14,250 च्या आत असेल तर बचत सोडून देतात, पेन्शन मात्र धरतात. बचत या दोन्हींच्या मधली असेल तर 14,250 च्या वरच्या दर 250 पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानतात. संयुक्त खात्यात 40,000 असतील तर आजींचा वाटा 20,000, म्हणजे आठवड्याला 23 पौंड. या मर्यादा 2010 नंतर वाढवलेल्याच नाहीत. महागाई तेवढी वाढली! आणि हो, पुण्यातला बंद फ्लॅट त्यांच्या नावावर असेल तर तो भांडवलात येतो. लपवू नका.

पेन्शनचं वय झालेल्यांना अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे दुसऱ्याची मदत लागणाऱ्यांसाठीचा सरकारी भत्ता, वेगळा मागता येतो. 2025-26 मध्ये तो गरजेप्रमाणे आठवड्याला 73.90 किंवा 110.40 पौंड होता आणि त्याला बचतीची अट नाही. व्हिसावर सरकारी निधी न घेण्याची अट असेल तर मात्र तो मिळत नाही. काउन्सिल हा भत्ता उत्पन्नात धरू शकते. त्यामुळे जादा धुणं, जादा हीटिंग, पॅड यांच्या पावत्या जपून ठेवा आणि तो खर्च आजारपणाचा म्हणून वजा करून मागा. आकारणीचा हिशेब लेखी घ्या. वजावट राहिली असेल तर ती त्या कागदावरच सापडते.