अंक कुणाच्या पैशावर निघतो?

कार्यक्रमपत्रिकेवर ‘शिक्षणातलं तंत्रज्ञान’ हे शब्द मोठ्या टायपात आहेत आणि ‘प्रायोजकत्व’ लहान टायपात. मी आज उलटं करणार आहे. तंत्रज्ञानावर बोलणारे पुष्कळ आहेत. त्यावरची ऑनलाइन संशोधनपत्रिका कशावर चालते, हे मात्र कुणी सांगत नाही. तो पैशाचा विषय पडला ना, आणि विद्वानांच्या सभेत पैशाचं नाव काढणं जरा हलकं समजतात.

पूर्वी असं नव्हतं. हेन्री ओल्डेनबर्गनं मार्च १६६५ मध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं, तेव्हा तो रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा सचिव होता, पण पत्रिका काढली ती स्वतःच्या जबाबदारीवर. त्यातून चार पैसे सुटतील अशी त्याची उघड अपेक्षा होती. फारसे सुटले नाहीत. संशोधनपत्रिकेचा जमाखर्च असा पहिल्या अंकापासूनच जुळलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, छपाई गेली, टपाल गेलं, मग खर्च राहिलाच कुठे? अर्धं बरोबर आहे. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’नं ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे पत्रिका चालवण्याचं सॉफ्टवेअर तयार केलं. ते कुणालाही मोफत वापरता येतं. नव्या लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा क्रमांक, क्रॉसरेफ या संस्थेकडे नोंदवायला एक डॉलर लागतो. वर्षाची वर्गणी वेगळी. सर्व्हरचं भाडंही आवाक्यातलं असतं. पैसा जातो तो माणसांवर. एका निबंधाला तो छापण्याआधी तपासणारे दोन परीक्षक मिळावेत म्हणून मी, संपादक या नात्यानं, दहा-दहा जणांना पत्रं घातली आहेत. मग आठवण, मग पुन्हा आठवण. निबंध आला की भाषा तपासायची, संदर्भ जुळवायचे, तक्ते सरळ करायचे. आणि आमचा विषय शिक्षणातलं तंत्रज्ञान! अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आमच्याच पत्रिकेतली आकृती कळली नाही, तर आम्ही कोणत्या तोंडानं बोलायचं? तेव्हा प्रत्येक आकृतीचं शब्दांत वर्णन हवं. ते कुणीतरी बसून लिहावं लागतं.

हे सगळं बहुतेक ठिकाणी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे लोक करतात. वाचकाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत, अशा पत्रिकांचा जगभराचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची संख्या १७ हजार ते २९ हजारांच्या दरम्यान असावी, असा त्यात अंदाज आहे. यातल्या बहुसंख्य पत्रिका स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. संपादक निवृत्त झाला, आजारी पडला की अंक थांबतो.

लेखकाकडून पैसे घ्यावेत, हा मार्ग विज्ञानात रुळला. २००३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ हे जीवशास्त्राचं नियतकालिक सुरू झालं ते लेखामागे १,५०० डॉलर आकारून. प्रयोगशाळेला अनुदान असतं, त्यातून ते भागतं. पण वर्गात टॅबलेट वापरून पाहणारी, काय जमलं नि काय फसलं ते लिहू पाहणारी शिक्षिका हे पैसे कुठून आणणार? तिचा लेख बाहेर राहिला, तर आमच्या पत्रिकेत वर्ग सोडून बाकी सगळं असेल. म्हणून तिसरा माणूस लागतो. तोच प्रायोजक.

आणि घोडं इथंच पेंड खातं. या विषयाला पैसे द्यायला सर्वांत आधी कोण पुढे येतं? सॉफ्टवेअर विकणारे, उपकरणं विकणारे. ज्यांच्या मालाची परीक्षा आमच्या पानांवर व्हायची, तेच.

ती परीक्षा किती दुर्मीळ आहे, पाहा. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच शिक्षणातलं तंत्रज्ञान हा होता. निःपक्ष पुरावा फार तोकडा आहे, असं तो स्पष्ट म्हणतो. ब्रिटनमधल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या कंपन्यांपैकी फक्त ७ टक्के कंपन्यांनी यादृच्छिक नियंत्रित चाचणी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली तुलना, केली होती. अमेरिकेतल्या १७ राज्यांत शिक्षकांची आणि प्रशासकांची पाहणी झाली. वस्तू घेण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागणारे निघाले ११ टक्के. अशी उत्पादनं सरासरी ३६ महिन्यांत बदलतात, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे आम्ही परीक्षणाला दीड वर्ष लावलं, तर लेख येईपर्यंत वस्तूचं आयुष्य निम्मं सरलेलं असतं.

चांगली परीक्षा कशी दिसते? पेरू देशात खेड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी ३१९ प्राथमिक शाळा घेऊन तुलना केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला: सुमारे पंधरा महिन्यांनंतर गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. आकलनाच्या काही सामान्य चाचण्यांत थोडी सुधारणा होती, तीही त्यांनी नोंदवली. असा निष्कर्ष छापायला पत्रिकेचा खिसा कुणाच्या हातात नसावा लागतो.

आता एक कबुली देतो. आमच्या पत्रिकेला काही काळ एका कंपनीचं साहाय्य होतं. नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. त्यांचे प्रतिनिधी फार सौजन्यशील. एकदाच म्हणाले, “अंक निघण्याआधी नजरेखालून गेला असता तर बरं झालं असतं.” आम्ही नाही म्हटलं. त्यांनी विषय सोडून दिला. पुढच्याच महिन्यात एक निबंध आला. त्या कंपनीच्या मालासारख्याच एका साधनाचा उपयोग होत नाही, असं त्यात होतं. दोन्ही परीक्षकांनी स्वीकारा म्हटलं. मी तो तिसऱ्याकडे पाठवला. का पाठवला? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, काळजी म्हणून. पण उलट निष्कर्षाचा निबंध मी कधी तिसऱ्याकडे पाठवला नव्हता. कुणी काही मागितलंच नव्हतं. मीच आपणहून मिंधा झालो होतो.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण दुसऱ्यांवर फेकतो. टाळी वाजवताना आपले हात आपल्याला दिसत नाहीत.

याचं ढळढळीत टोक औषधांच्या क्षेत्रात दिसलं. एल्सव्हिअर या संशोधनपत्रिकांच्या प्रकाशनसंस्थेच्या ऑस्ट्रेलियातल्या कार्यालयानं २००० ते २००५ या काळात संशोधनपत्रिकेसारखी दिसणारी सहा प्रकाशनं औषध कंपन्यांच्या पैशावर काढली. हाडं आणि सांध्यांवरच्या एका प्रकाशनामागे मर्क कंपनी होती. पैसा कुणाचा, हे वाचकाला सांगितलेलं नव्हतं. २००९ मध्ये ते उघड झालं आणि प्रकाशकांनी चूक मान्य केली.

त्यामुळे पैसे द्यायला तयार असलेल्यांना माझं म्हणणं असं आहे. पैसे एखाद्या विशेषांकाला देऊ नका. विशेषांकावर नाव झळकतं, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. तुम्ही मुद्रितशोधकाचा पगार द्या, आकृत्यांच्या वर्णनाचा खर्च द्या. तिथं नाव झळकत नाही, पण तिथं तुम्हाला मजकुरात हात घालायलाही जागा नसते. रक्कम विद्यापीठाच्या किंवा न्यासाच्या खात्यात जाऊ द्या, निदान तीन वर्षांची एकदम, आणि करारपत्र जसंच्या तसं पत्रिकेवर प्रसिद्ध करा. निबंध हाताळणाऱ्या संपादकाला हिशेबाची वही दिसू नये. मला दिसत होती. शक्य असेल तर एकाच थोरल्या दात्याऐवजी अनेक धाकटे बरे. मानव्यविद्यांच्या पत्रिका काढणारं ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ २०१५ पासून याच रीतीनं चालतं: पुष्कळ ग्रंथालयं थोडं थोडं देतात, लेखकाला काही पडत नाही, आणि एखाद्यानं हात आखडता घेतला तरी अंक निघतो.

प्रायोजक कधीतरी जाणारच, हे करार करतानाच धरून चाला. २००० ते २०१९ या काळात पावणेदोनशेच्या आसपास मुक्त, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या, पत्रिका इंटरनेटवरून नाहीशा झाल्या, असं एका अभ्यासात आढळलं. बंद पडल्या एवढंच नाही, त्यांतले लेखही गेले. याउलट ‘इनोव्हेट’चं उदाहरण घ्या. शिक्षणातल्या माहिती-तंत्रज्ञानावरची ही ऑनलाइन पत्रिका २००४ मध्ये निघाली. ती अमेरिकेतल्या नोव्हा साउथईस्टर्न विद्यापीठाची होती आणि मायक्रोसॉफ्टचं काही साहाय्य तिला होतं. २००९ मध्ये ती थांबली. तिचे जुने अंक मात्र त्याच विद्यापीठाच्या भांडारात आजही वाचायला मिळतात.

जुने अंक जपून ठेवण्याचं कलम आमच्या करारात नव्हतं. साहाय्य संपलं त्या वर्षी मी पहिल्या सहा अंकांच्या फाइली स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतल्या. परवा पाहिलं तर त्यांतली एक उघडत नाही.