हेझल स्कॉटच्या अटी

मंडळी, समोर पेटी वाजवणारे बरेच जण दिसतायत, म्हणून हातापासूनच सुरुवात करतो. एकाच पंजात मधला सा आणि वरच्या सप्तकातला रे एकदम दाबून बघा. मोठ्या माणसाचीही करंगळी तिथे कुरकुरते, आणि पियानोच्या पट्ट्या तर पेटीपेक्षा रुंद. आता हाच हात आठ वर्षांच्या मुलीचा आहे असं समजा.

ही मुलगी म्हणजे पुढे अमेरिकेत गाजलेली कृष्णवर्णीय जॅझ पियानोवादक हेझल स्कॉट. जन्म 11 जून 1920, त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचा. चार वर्षांची असताना आईबरोबर न्यूयॉर्कला, हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत आली. आठव्या वर्षी आईने तिला जुलियर्ड या नामांकित संगीतशाळेत चाचणीला नेलं. तिथे प्रवेशाचं वय सोळा! पोरीने रॅचमॅनिनॉफ या रशियन संगीतकाराचा प्रसिद्ध प्रिल्यूड, म्हणजे पियानोची छोटी रचना, वाजवायला घेतला. त्यात सा ते वरचा रे एवढ्या अंतराचे स्वर एकत्र दाबायचे होते, आणि हात पुरत नव्हता. तिने रे सोडून अलीकडचा ध धरला, आणि असं करत सगळी रचना निभावून नेली. आपण काय करतोय याचं शास्त्रीय नाव तिला ठाऊक नव्हतं. जवळचं आणि कानाला बरं लागणारं ते घेतलं, इतकंच. रॅचमॅनिनॉफची ही मोडतोड कोण करतंय म्हणून संस्थेतली बडी मंडळी चिडून आत आली आणि समोर एवढीशी पोर बघून गप्प झाली, असं सांगतात. ऑस्कर वॅग्नर या प्राध्यापकांनी तिला खासगी शिकवणीला घेतलं.

घरचं शिक्षण वेगळंच होतं. आई अल्मा सॅक्सोफोन वाजवायची. आर्ट टेटम, फॅट्स वॉलर, लेस्टर यंग या जॅझमधल्या बड्या वादकांचं घरी येणं-जाणं होतं. म्हणजे सकाळी बाखचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि रात्री बैठकीच्या खोलीत आर्ट टेटम. (आपल्याकडे गवयाच्या घरात जन्मलेल्या मुलांचा हेवा वाटतो ना, तसंच.)

1938च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये बार्नी जोसेफसन यांनी ‘कॅफे सोसायटी’ नावाचा क्लब काढला. गोरे-काळे तिथे एकाच टेबलाला बसत, आणि त्या काळी ही बातमी होती. जॅझ गायिका बिली हॉलिडेने शब्द टाकला आणि हेझलला तिथे काम मिळालं. ती शोपाँ, लिस्ट किंवा बाख अशा शास्त्रीय संगीतकाराची रचना अगदी सोवळ्यात सुरू करायची. मग डावा हात हळूच बिघडायचा. खाली बूगी-वूगी या नाचऱ्या जॅझ शैलीचा ठेका, वर तीच जुनी धून, आणि लोक खुर्चीवरून उठायचे. 1940 साली या वादनाच्या ध्वनिमुद्रिका आल्या. त्यात लहानपणीचा तो रॅचमॅनिनॉफही आहे. या वेळी मोडतोड समजून-उमजून केलेली.

स्पष्ट सांगतो, या मुद्रिका मला थोड्या चमकदार वाटतात. गंमत पहिल्यांदा येते तेवढी चौथ्यांदा येत नाही. 1955मध्ये चार्ल्स मिंगस (बास) आणि मॅक्स रोच (ड्रम) यांच्या साथीने केलेली ‘रिलॅक्स्ड पियानो मूड्स’ ही ध्वनिमुद्रिका ऐका. तिथे कुणाला काही दाखवायचं नाही, नुसतं वाजवायचंय.

पण मी आज आलोय ते तिच्या करारपत्रांबद्दल बोलायला. वर्णभेदाविरुद्धची चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो. हेझलने बरंच काम सही करण्याआधी केलं. हॉलिवूडने बोलावलं तेव्हा काळ्या नटीला एकच भूमिका ठरलेली: मोलकरीण. फार तर गाणारी मोलकरीण. तिने ती नाकारली. पडद्यावर मी हेझल स्कॉट म्हणूनच दिसणार आणि कपडे मी ठरवणार, या तिच्या अटी. 1943 ते 1945 दरम्यान तिचे पाच चित्रपट आले.

त्यातला ‘द हीट्स ऑन’ कोलंबिया कंपनीचा. युद्धावर निघालेल्या जवानांना बायका निरोप देतात असं एक दृश्य. काळ्या नर्तकींना मळके अॅप्रन दिले होते. नवऱ्याला, प्रियकराला निरोप द्यायला कोणती बाई मळकं अॅप्रन घालून जाईल, हा तिचा प्रश्न. ती तीन दिवस कामावर आली नाही. सेटचं भाडं, वादकांचे पैसे, सगळ्याचं मीटर चालू. शेवटी अॅप्रन गेले. कंपनीचे मालक हॅरी कोन यांनी मात्र हे कायमचं लक्षात ठेवलं, आणि तिची हॉलिवूडची वाट बंद झाली ती झालीच. स्वतःच्या कपड्यांची अट तर करारात होतीच; इथे भांडण दुसऱ्यांच्या कपड्यांचं होतं.

मैफलींसाठीही अट होती: प्रेक्षकांत काळे-गोरे वेगळे बसवले तर वाजवणार नाही. 1948मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनला ती पोचली आणि बघते तर बैठक दुभंगलेली. ती परत फिरली. माझं ऐकायला यायचं आणि माझ्यासारख्याच्या शेजारी बसायचं नाही, हे कसं, असं तिने विचारलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को गावी एका हॉटेलने तिला जेवण नाकारलं. तिने 50,000 डॉलरचा दावा लावला. ज्यूरीने 250 डॉलर दिले. आकडा हसण्यासारखा आहे, पण निकाल तिच्या बाजूने लागला.

1945मध्ये तिने हार्लेमचे खासदार अॅडम क्लेटन पॉवेल यांच्याशी लग्न केलं. त्यावर मी फार बोलणार नाही. 1960 साली घटस्फोट झाला.

3 जुलै 1950. ड्यूमाँट या टीव्ही वाहिनीवर ‘द हेझल स्कॉट शो’ देशभर दिसू लागला: पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. स्वतःच्या नावाचा असा कार्यक्रम मिळालेली ती अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण जूनमध्येच ‘रेड चॅनल्स’ ही पुस्तिका निघाली होती. करमणूक आणि वृत्तक्षेत्रातल्या 151 जणांवर साम्यवादाचा शिक्का, आणि त्यात तिचंही नाव. कुणी बोलावलेलं नसताना 22 सप्टेंबरला ती साम्यवादी शोधणाऱ्या काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे हजर झाली. (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद बरं का.) आपण साम्यवादी नाही हे सांगून थांबली असती तर कदाचित निभावलं असतं. तिने यादी करणाऱ्यांनाच धारेवर धरलं. 29 सप्टेंबरला कार्यक्रम बंद.

पुढे 1950च्या दशकाच्या अखेरीस ती पॅरिसला गेली. 1963मध्ये राजधानी वॉशिंग्टनला काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्च्याला पाठिंबा म्हणून पॅरिसमधल्या अमेरिकी वकिलातीवर चालत गेलेल्यांत लेखक जेम्स बाल्डविनबरोबर तीही होती. 1967मध्ये परतली. 2 ऑक्टोबर 1981 रोजी न्यूयॉर्कला कर्करोगाने गेली.

तिच्या दूरदर्शन कार्यक्रमाचं चित्रण आज कुठे मिळत नाही. ज्या चित्रपटाने तिची वाट बंद केली तो मात्र आहे. त्यात ती दोन पियानोंच्या मधे बसते, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्ही एकदम वाजवते. तेवढा तुकडा आता लावतो. दिवे जरा कमी करा. चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी डाव्या हाताकडे.