कार्ड येईपर्यंत : बुसानमधले पहिले दिवस

(दृश्य : किमहे विमानतळ, सकाळ. दोन-दोन बॅगा ओढत बाहेर पडणारी मुलं.)

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. दक्षिण कोरियातल्या बुसानची थंडी ओसरत आलेली असते, पण समुद्रावरून येणारा वारा अजून कानाला झोंबतो. १ मार्चला देशभर सुट्टी असते, १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनाची. ती संपली की विद्यापीठं उघडतात. एका सत्रासाठी आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला बूड टेकायला मिळतात जेमतेम चार-पाच दिवस, आणि त्यातला एक हा असा सुट्टीचा.

सोबत डी-२-६ हा विद्यार्थी-विनिमयाचा व्हिसा असतो. त्यावर देशात शिरता येतं, राहताही येतं. पण कोरियातलं रोजचं आयुष्य चालतं ते निवासी कार्डावर, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रावर. कंत्राटी मोबाईल नंबर हवा, तर दुकानदार कार्ड मागतो. बँकेत खातं काढायचं, तर कार्ड आणि वर मोबाईल नंबर. ऑनलाइन काही मागवायचं, तर त्या नंबरावरून ओळख पटवा. आणि हे कार्ड अर्ज केल्यावर हातात पडायला तीन-चार आठवडे, गर्दीच्या दिवसांत त्याहून जास्त. हा व्हिडिओ त्या मधल्या आठवड्यांविषयी आहे.

(दृश्य : उन्नत मार्गावरून जाणारी दोन डब्यांची हलकी रेल्वे.)

विमानतळातून बाहेर पडण्याआधी तिथल्याच सुविधा-दुकानातून टी-मनी कार्ड, म्हणजे बस-मेट्रोचं आधी पैसे भरायचं कार्ड, घ्या. कार्डाचे काही हजार वॉन वेगळे, वर किमान दहा हजार वॉन भरून घ्या. ते भरायला बहुतेक ठिकाणी रोख नोटाच लागतात. भारतातलं डेबिट कार्ड पुढे केलं तर काउंटरवरचा मुलगा नम्रपणे मान हलवतो. म्हणून खिशात लाखभर वॉन सुटे असू द्यावेत. लाख ऐकून दचकू नका, रुपयांत ते सहा-सात हजारांच्या घरात जातात.

आपल्याला जायचंय पुसान राष्ट्रीय विद्यापीठात. हलक्या रेल्वेने तीन स्थानकं गेलं की देजॉ. तिथे तिसरी, तपकिरी मार्गिका पकडायची, यॉनसानला उतरायचं, आणि पहिल्या, नारिंगी मार्गिकेने उत्तरेला नोपोच्या दिशेने पाच स्थानकं. स्थानकाचं नाव बुसानदे, म्हणजे बुसान विद्यापीठ. जे सोलजवळच्या इंचॉन विमानतळावर उतरून सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने येतात त्यांना साधारण अडीच-पावणेतीन तासांचा प्रवास, आणि बुसान स्थानकावर पहिली मार्गिका थेट मिळते. बॅगा जड असतील तर हा रस्ता सोपा.

एक गोंधळ इथेच निस्तरू. शहराचं नाव बुसान आणि विद्यापीठाचं पुसान, असं का? कोरियन लिपीत दोन्ही एकच. रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत २००० साली बदलली, शहराने नवी घेतली, विद्यापीठाने जुनी ठेवली. रोमन लिपीवर फार विसंबू नये याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण सॉम्यॉन नावाचं मोठं जंक्शन. रोमन पाटी वाचून आपण त्याला 'सिओमियोन' म्हणतो आणि समोरच्याला काही कळत नाही. रोमनमध्ये जिथे 'ई' आणि 'ओ' जोडून येतात, तिथे आपल्या 'ऑ'च्या जवळचा उच्चार असतो. मराठी तोंडाला तो जड नाही. ख आणि क, फ आणि प हा फरकही आपल्या कानाला सरावाचा. हंगुल ही लिपी राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार करवली. व्यंजन आणि स्वर एकाच चौकटीत बसवून एक अक्षर होतं. बाराखडी गिरवलेल्याला दोन संध्याकाळ पुरतात. अर्थ नाही कळला तरी चालेल. पाट्या वाचता आल्या की निम्मी भीती जाते.

बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर पुढच्या मेट्रोत किंवा बसमध्ये बदलीची सवलत मिळत नाही आणि पूर्ण भाडं पुन्हा कापलं जातं. सवलतीची मुदत अर्ध्या तासाची. आणि नकाशा गूगलचा नको. कोरियात त्यावर पायी चालण्याची वाट नीट उमटत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. दोन्हींत इंग्रजीची सोय आहे. मेट्रोच्या बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांकही त्यात दिसतो. तो पाळाच, कारण चुकीच्या दाराने वर आलात तर सहापदरी रस्त्याच्या पलीकडे निघता. विद्यापीठ डोंगरउतारावर आहे. बॅगा घेऊन चढ चढू नका. आवारात फिरणारी छोटी 'माउल बस' याच टी-मनीवर चालते.

(दृश्य : वसतिगृहाची खोली. उघडी गादी, रिकामं कपाट.)

खोलीचा ताबा मिळण्याआधी बहुतेक वसतिगृहं क्षयरोग नसल्याचा दाखला मागतात. व्हिसासाठी दिलेला दाखला कधी चालतो, कधी जुना झाला म्हणून नाकारतात. मग जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, म्हणजे 'पोगॉनसो'त, छातीचा एक्स-रे काढावा लागतो. खर्च थोडा, पण निकालाला काही दिवस लागतात, आणि सुट्टी आडवी आली की अजून. निघण्याआधी वसतिगृहाला ईमेल करून दाखला किती दिवसांच्या आतला हवा ते विचारून घेतलेलं बरं.

गादी असते, पांघरूण नसतं. उशीही नसते. पहिल्या रात्री जॅकेट गुंडाळून डोक्याखाली घेणाऱ्यांची संख्या कमी नाही. उत्तर आहे दायसो नावाचं दुकान. सगळ्या वस्तूंच्या किमती ठरलेल्या, पाचशे वॉनपासून पाच हजारांपर्यंत. हँगर, बादली, चपला, प्लगचं अडॅप्टर सगळं तिथे. जाड रजई मात्र तिथे शोधू नका, त्यासाठी मोठं सुपरमार्केट.

अडॅप्टरविषयी जरा सविस्तर. कोरियातली वीज २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. सॉकेटला दोन गोल, जाड भोकं. आपला तीन पिनांचा प्लग त्यात जातच नाही. दोन पिनांचा जातो, पण आपल्या पिना बारीक असल्यामुळे सैल बसतो, हलतो आणि ठिणगी उडते. चार्जर चालतो म्हणून तसाच खुपसून ठेवू नका. लॅपटॉप, फोन यांना वारंवारितेने फरक पडत नाही. घरून आणलेला मिक्सर मात्र ५० हर्ट्झसाठीच बनवलेला असेल तर इथे नीट चालेल याची खात्री नाही. तसंही वसतिगृहाच्या खोलीत शेगडी, इंडक्शन, कुकर यांना बंदी असते. तपासणीत सापडलं की दंडाचे गुण, आणि गुण साठले की खोली सोडावी लागते.

वसतिगृह न मिळालेले 'वन-रूम', म्हणजे एका खोलीचं भाड्याचं घर, शोधतात. तिथे अनामत रक्कम लाखांत नव्हे, दशलक्षांत मागतात आणि करार सहसा वर्षाचा असतो. चार महिन्यांसाठी आलेल्याला ते परवडत नाही. मग उरतं गोशिवॉन : पलंग आणि टेबल मावेल एवढी खोली, अनामत नाही किंवा नाममात्र, सामायिक स्वयंपाकघरात भात आणि किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्या, बऱ्याचदा फुकट. खिडकी असलेली खोली थोडी महाग असते. ती घ्या.

(जवळून दृश्य : दारावरचं आकड्यांचं कुलूप.)

इथल्या दारांना किल्ली नसते, आकडे असतात. आकडे दाबा, शेवटी फुलीसारखी खूण दाबा, दार उघडतं. आत पेन्सिल सेल असतात. ते उतरत आले की कुलूप नेहमीपेक्षा वेगळी धून वाजवतं. ती ऐकून दुर्लक्ष केलं की एका रात्री दार उघडतच नाही. घाबरून दीड लाख वॉन घेणाऱ्या कुलूपवाल्याला बोलावण्याआधी कुलपाच्या खालच्या बाजूला बघा. तिथे धातूचे दोन छोटे ठिपके असतात. सुविधा-दुकानातून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणा, तिची दोन टोकं त्या ठिपक्यांना टेकवून धरा आणि तशाच स्थितीत आकडे दाबा. कुलूप जागं होतं. आत गेल्यावर मात्र सेल लगेच बदला.

(दृश्य : गल्लीतल्या कचऱ्याच्या पेट्या.)

कचरा ही पहिल्या आठवड्याची खरी परीक्षा. साधा कचरा महापालिकेच्या ठरावीक पिशवीतच टाकायचा. पिशवीच्या किमतीतच कचऱ्याचा कर असतो. ही पद्धत १९९५ पासून देशभर आहे. पिशवीवर विभागाचं नाव छापलेलं असतं, आणि एका विभागाची पिशवी दुसऱ्या विभागात चालत नाही. दुकानात ती रॅकवर दिसत नाही, काउंटरच्या मागे असते, मागावी लागते : 'जोंगन्यांगजे पोंगथू'. उरलंसुरलं अन्न वेगळं. पण हाडं, अंड्याची टरफलं, कांद्याची सालं आणि चहाचा चोथा अन्नात धरत नाहीत. जनावर खाऊ शकेल तेच अन्न, असा ढोबळ नियम. कारण या कचऱ्याचा मोठा भाग पशुखाद्य आणि खतासाठी जातो. पारदर्शक बाटल्यांवरचं लेबल सोलून, चेपून, वेगळ्या टाकायच्या. चुकून कुठेही टाकलेली साधी पिशवी कॅमेऱ्यात आली तर दंड दहा लाख वॉनपर्यंत जाऊ शकतो.

(दृश्य : विद्यापीठाचं भोजनालय, रांग.)

जेवण. विद्यापीठाच्या भोजनालयात चार ते सहा हजार वॉनमध्ये ताट मिळतं. अनेक विद्यापीठांत सरकारी मदतीने एक हजार वॉनमध्ये न्याहारी मिळते. ताटं मोजकी असतात, उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. मांसाहारी माणसाला बुसान म्हणजे चैन आहे. शाकाहारी माणसाने मात्र डोळ्यांत तेल घालून जेवावं. 'कोगी प्पे जुसेयो', म्हणजे मांस काढा, असं सांगितलं की वरचं मांस निघतं. खालचा रस्सा सुकवलेल्या मासळीचाच राहतो. कोरियन माणसाच्या लेखी मासळी म्हणजे मांस नव्हे. किमचीतही बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. किंबापमधून, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीतून, हॅम काढायला सांगितलं तरी 'ऑमुक' राहतं, ते माशाचं, आणि बुसानची तर ती खासियत. मांस, मासळी, ऑमुक, रस्सा अशी चारही नावं हंगुलमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं चालतं.

तूरडाळ, हिंग, मोहरी हवी असेल तर हलक्या रेल्वेने किमहेला जायचं. तोंगसांग-दोंग बाजारात दक्षिण आशियाई दुकानं आहेत. याच गावात राणी हॉ ह्वांग-ओक हिची समाधी आहे. ती समुद्रमार्गे अयुता नावाच्या देशातून आली असं 'सामगुक युसा' हा तेराव्या शतकातला ग्रंथ सांगतो, आणि तो देश म्हणजे अयोध्या असं मानणारे बरेच आहेत. इतिहास म्हणून हे सिद्ध नाही. पण डाळीची पिशवी घेऊन परतताना कुणी 'तुम्ही राणीच्या माहेरचे' असं म्हटलं तर नवल वाटू नये.

(दृश्य : टेबलावर पासपोर्ट, अर्ज, दोन फोटो.)

आता कार्ड. देशात आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत नोंदणी बंधनकारक आहे. मुदत मोठी वाटते म्हणून कुणी थांबतं, आणि तिथेच फसतं. हाय-कोरिया या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आधी वेळ आरक्षित करावी लागते, आणि मार्चमध्ये शहरातले सगळे परदेशी विद्यार्थी एकाच वेळी तिथे असतात. पोहोचल्याच्या दिवशीच वेळ घ्या, मग ती तीन आठवड्यांनंतरची का मिळेना. काही विद्यापीठं सामूहिक अर्ज घेतात, ते उत्तम. फक्त पासपोर्ट काही दिवस जमा करावा लागू शकतो, म्हणून प्रवासी सिम आणि बँकेतली चौकशी आधी उरकून घ्या.

सोबत लागतं : अर्ज, पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो, विद्यापीठाचा प्रवेश-दाखला, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि शुल्क. अडतं ते जागेच्या पुराव्यावर. वसतिगृहाचा दाखला असला तर प्रश्न नाही. मित्राकडे उतरला असाल तर त्याचा करार, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याने सही केलेलं निवास-पत्र लागतं. पुढे खोली बदलली तर पंधरा दिवसांच्या आत कळवायचं. शंका असेल तर परदेशी लोकांसाठीचा १३४५ हा मदत-क्रमांक इंग्रजीतही बोलतो.

कार्डाची नोंद झाली की राष्ट्रीय आरोग्य विमा आपोआप लागू होतो. २०२१ च्या मार्चपासून विद्यार्थ्यांना तो सक्तीचा आहे. महिन्याला सत्तर-ऐंशी हजार वॉनचं बिल नोंदवलेल्या पत्त्यावर येतं. कोरियन भाषेतलं पाकीट म्हणून फेकू नका. थकबाकी राहिली तर व्हिसा वाढवताना अडचण येते.

(जवळून दृश्य : कार्डावरचं नाव.)

आणि शेवटी नाव. मराठी माणसाचं नाव तीन पदरी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि 'स्नेहल प्रकाश' असं स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून एका रकान्यात. कार्डावर ते छापून येतं 'जाधव स्नेहल प्रकाश', म्हणजे थेट दहावीच्या गुणपत्रिकेसारखं. इथवर ठीक. बँकेत मात्र कर्मचारी एखादी मोकळी जागा गाळतो. मोबाईलच्या दुकानात रकाना अपुरा पडतो आणि 'प्रकाश'चा शेवट तुटतो. माणूस एक, नावं तीन. मग ओळख पटवताना पडद्यावर फक्त 'माहिती जुळत नाही' एवढंच येतं, चूक कुठे ते कळत नाही.

म्हणून कार्ड हाती आलं की आधी मोबाईलच्या दुकानात आणि मग बँकेत, दोन्हीकडे कार्ड समोर ठेवून, अक्षर न् अक्षर, मोकळ्या जागेसकट तपासून घ्या. झालेल्या नोंदीचा कागद मागा. बँकेची शाखा दुपारी चारला बंद होते. विद्यार्थ्याचं खातं सुरुवातीला मर्यादित व्यवहारांचं असतं. मोठी फी एका दिवसात जाणार नाही हे धरून चला. घरी आल्यावर ॲपमध्ये ओळख पटवताना नाव आधी मोकळ्या जागेसकट टाका. नाही जुळलं तर सगळं सलग. तेही नाही तर दुकानाच्या कागदावर जिथे तुटलंय तिथवर. यातलं एक जुळतं. फोनवर सहा आकडी अंक येतो. तो टाकायला तीन मिनिटं असतात.