एकाला किती?

(दृश्य: नळ, बादली, बाजूला स्टॉपवॉच)

बादली भरतेय. धार एकसारखी राहावी म्हणून नळाला मध्ये कुणी हात लावलेला नाही. बरोबर पाच मिनिटांनी नळ बंद. आतल्या खुणेवर पाणी टेकलंय: 12 लिटर.

याच धारेनं आठ मिनिटांत किती पाणी येईल?

(दृश्य: वही, अगदी जवळून. पेन्सिल, खोडरबर)

सातवीतल्या या मुलीनं 12 ला 5 नं भागलं. 2.4 आले. क्षणभर थांबून तिनं ते खोडलं आणि 5 ला 12 नं भागलं. 0.41666... संपतच नाही. तेही खोडलं.

खरं तर दोन्ही भागाकार बरोबर होते. पहिला सांगतो, मिनिटाला 2.4 लिटर. दुसरा सांगतो, लिटरला किती वेळ. पाच मिनिटांचे 300 सेकंद केले की तो न संपणारा आकडाही निवळतो: 300 भागिले 12, म्हणजे लिटरला 25 सेकंद. राहिलं होतं ते फक्त आकड्यापुढचं एकक.

(दृश्य: फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत 'मिनिटाला', त्यातल्या 'ला' खाली रेघ)

कशाला कशानं भागायचं? यावर वर्गात एक तोडगा ठरलेला असतो: मोठ्या संख्येला लहान संख्येनं भागा. इथे तो चालून गेला. दुसऱ्या एखाद्या गणितात तो तोंडावर पाडतो. खरं तर उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. मिनिटाला किती? मग मिनिटं भाजक. लिटरला किती? मग लिटर भाजक. ज्याला 'ला' लागला, तो खाली. पाठ करायला एवढंच पुरे, आणि हेसुद्धा पाठ न करता कळतं.

(दृश्य: फळा. 12 × 8 = 96, 96 ÷ 5 = 19.2)

त्रैराशिकाची, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढण्याची, वाट वेगळी. इ. स. 499 च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीया'त ती सांगितली आहे: फलाला इच्छेनं गुणा, मग प्रमाणानं भागा. आपलं प्रमाण 5, फल 12, इच्छा 8. आधी गुणाकार, भागाकार शेवटी एकदाच, म्हणून अपूर्णांक शेवटपर्यंत आड येत नाही. हातानं हिशोब करणाऱ्याला हे सोयीचं. एकमान पद्धत आधी भागते: मिनिटाला 2.4, मग आठपट, 19.2 लिटर. उत्तर तेच. पण मधला 2.4 बोलतो. 96 काय सांगतो, विचारून बघा कुणाला!

(दृश्य: कागदाची पट्टी, घड्या घालणारे हात)

आता मुलं जिथे अडखळतात ते गणित. पाऊण तासात दीड किलोमीटर चाललो, तर तासाला किती? दीडला पाऊणनं भागायचं म्हटलं की पेन्सिली थांबतात. म्हणून पट्टी घेतली. ही पाऊण तासाची. तिच्या तीन सारख्या घड्या, प्रत्येक घडी पाव तासाची. दीड किलोमीटरही तीन जागी वाटला: घडीला अर्धा. तासात अशा घड्या चार. चौथा तुकडा हातानं जोडला, बघा. तासाला 2 किलोमीटर. अपूर्णांक उलटा करून गुणायचा नियम याच घड्यांमधून निघतो. तीननं भागलं, चारनं गुणलं.

पुढच्या इयत्तांमध्ये हाच आकडा वेग होतो, घनता होतो, आलेखावरच्या रेषेचा चढ होतो. आणि हो, धार मध्येच बारीक झाली तर 2.4 ही नुसती सरासरी उरते.

(दृश्य: पुन्हा नळ. एक लिटरचं माप, मुलीच्या हातात स्टॉपवॉच)

नळ मघाशी होता तेवढाच सोडलाय. वहीत लिहिलंय, लिटरला 25 सेकंद. माप काठापर्यंत आलं.

स्टॉपवॉचवर 26.

ती म्हणते, एक सेकंद अंगठ्याचा.