ज्योत, हात आणि जॉन ड्यूई

श्रोतेहो, नमस्कार.

‘करून शिकणे’ म्हटलं की अमेरिकन विचारवंत जॉन ड्यूई यांचं नाव निघतंच. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांना शिकवणारे, तेच हे ड्यूई. पण शिक्षणतज्ज्ञ हा शिक्का इतका घट्ट बसलाय, की गडी मुळात तत्त्वज्ञानातला, हे लक्षातच राहत नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी गावात शाळामास्तर असताना त्यांनी जडवादाचं, म्हणजे जगात जड पदार्थाशिवाय दुसरं काही नाही या मताचं, खंडन करणारा एक निबंध लिहिला. तो तत्त्वज्ञानाच्या एका नियतकालिकाचे संपादक विल्यम हॅरिस यांच्याकडे पाठवला आणि विचारलं, या विषयात माझा निभाव लागेल का? हॅरिस पक्के हेगेलवादी, म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचे अनुयायी. १८८२ साली निबंध छापून आला. मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज मॉरिस भेटले, तेही हेगेलच्याच पठडीतले.

हेगेलकडून ड्यूईंनी एक खोड उचलली. मन आणि शरीर, व्यक्ती आणि समाज, ज्ञान आणि कृती अशी कुणी फाळणी केली, की ते आधी त्या फाळणीवरच शंका घेत. सारं जग एकाच विश्वव्यापी परमतत्त्वाचं रूप आहे, हे हेगेलचं मत त्यांनी पुढे हळूहळू सोडून दिलं. खोड मात्र गेली नाही.

१८९६ चा त्यांचा एक लेख पाहा. वाचायला रुक्ष आहे. ड्यूईंची भाषा कधीच लाघवी नव्हती. पण त्यातला मुद्दा बिनतोड आहे. मूल मेणबत्तीच्या ज्योतीला हात लावतं, चटका बसतो, हात मागे घेतं. तेव्हाचं मानसशास्त्र सांगे: आधी संवेदना, मग प्रतिक्रिया. ड्यूई म्हणतात, अहो, मूल ज्योत न्याहाळतंय ही कृतीच की! नजर हाताला वाट दाखवते, हात नजरेला जागेवर ठेवतो. चटका बसल्यावर तीच ज्योत मुलाला वेगळी दिसू लागते. म्हणजे जाणणं आणि करणं एकाच व्यवहारात घडतं.

त्याच वर्षी शिकागोत त्यांची प्रयोगशील शाळा सुरू झाली, शिक्षणाच्या कल्पना मुलांसोबत पडताळून पाहणारी. तिथे एका गटातल्या मुलांनी बोंडातल्या सरकीपासून कापूस हातांनी सुटा करून पाहिला. अर्ध्या तासात एक औंससुद्धा निघाला नाही! लोकरीच्या मानाने सुती कापडाचा धंदा मागे का राहिला होता, हे त्यांना कुणी सांगायची गरज उरली नाही. सरकी काढणाऱ्या यंत्राचं मोलही कळलं. नुसती कात्री आणि माती मुलांच्या हाती देऊन ‘आम्ही ड्यूईवादी’ म्हणणाऱ्यांनी हा कापूस जरूर आठवावा.

मग मूल महत्त्वाचं की अभ्यासक्रम? १९०२ मध्ये त्यांनी या वादालाही तीच खोड लावली. मुलाचा आजचा अनुभव हा एक बिंदू, विषयाचं ज्ञान हा दुसरा. शिकवणं ही त्या दोन बिंदूंतून जाणारी रेषा. ती आखायची, तर मूल ओळखायला हवंच, पण शिक्षकाला विषयही पुरता ठाऊक हवा.

नमस्कार.